वृद्धांच्या केंद्रात कामाला जाताना

सकाळी सातच्या आत वस्तीतून बाहेर पडणाऱ्या बायकांत पूर्वी धुणीभांड्याला जाणाऱ्याच जास्त असत. आता त्यांच्याबरोबर आणखी काही जणी दिसतात. पिशवीत डबा, बदलायला एक ड्रेस, रात्रपाळी असेल तर पांघरायला चादर. कुठे निघालीस म्हणून विचारले की म्हणतात, "पेशंटकडे, केंद्रावर." पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर अशा भागांत एखाद्या जुन्या बंगल्यात, नाहीतर शेजारचे दोन फ्लॅट जोडून, आठ-दहा म्हाताऱ्या माणसांचे केंद्र चालते. चालवणारे एकच कुटुंब असते. नवरा हिशेब आणि औषधे बघतो, बायको स्वयंपाकघर सांभाळते, मुलगा पेशंटच्या नातेवाइकांचे फोन घेतो. उचलणे, पुसणे, भरवणे, कूस बदलणे, डायपर बदलणे हे काम मात्र बाहेरून आलेल्या मावश्यांचे आणि मामांचे. त्या मावश्या आणि मामा बऱ्याचदा आपल्याच वस्तीतले असतात.

आमच्यापैकी तिघी या कामात आहेत. एकीला आठ वर्षे झाली. गेल्या महिन्यात आम्ही सगळ्या एकत्र बसलो आणि त्यांना विचारत गेलो, काय दुखते, कशाने दुखते, काय केले असते तर दुखले नसते. त्या बोलण्यातून हा लेख झाला आहे. म्हाताऱ्या माणसांची सेवा कशी करावी हे यात आहेच, पण सेवा करणारीचे काय, हे आधी आहे.

कामावर घेताना पहिल्या दिवशी हमखास ऐकू येते, "आमच्याकडे सगळं घरच्यासारखं असतं." ते खोटे असते असे नाही. मालकीणबाई स्वतः पदर खोचून आजींना आंघोळ घालतात, सणाला ताट वाढतात, पोराच्या फीसाठी उचल देतात. मोठ्या हॉस्पिटलात एवढी ओळख कुणी ठेवत नाही. पण घरात कुणी ड्युटी संपली म्हणत नाही. घरात कुणी हातमोजे मागत नाही, आणि काय झाले ते वहीत लिहूनही ठेवत नाही. म्हणून 'घरच्यासारखे' म्हणता म्हणता बारा तासांचे चोवीस कधी होतात ते कळत नाही. आमचे म्हणणे इतकेच की माया जरूर घ्यावी, पण हे काम कसबाचे आहे आणि कसबाच्या कामाला नियम लागतात.

कंबर

जिला आठ वर्षे झाली, तिची कंबर तिसऱ्या वर्षीच गेली. न्हाणीघरात एक आजी घसरल्या. हिने त्यांना काखेत हात घालून वरच्या वर तोलून धरले. आजींना काही झाले नाही. हिच्या कमरेतून कळ निघाली ती डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली. दीड महिना घरी, बिनपगारी. मालक भेटायला आले, फळे घेऊन आले, पगाराचे मात्र बोलले नाहीत.

पडणाऱ्या माणसाला वर ओढू नये, हे तिला त्या दिवशी कुणी शिकवलेले नव्हते. माणूस पडतोय असे दिसले की त्याच्या जवळ जावे, एक पाय पुढे घ्यावा, त्याला आपल्या मांडीला टेकवून हळूहळू जमिनीपर्यंत घसरू द्यावे आणि फक्त डोके आपटणार नाही एवढे पाहावे. खाली बसला की लगेच उठवायची घाई करायची नाही. कुठे दुखते ते विचारायचे. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत असेल, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले असेल, पाय हलवताच ओरडत असतील, तर खुब्याचे हाड मोडले आहे असेच धरून चालायचे. मग उचलायचे नाही, ओढायचे नाही. अंगावर पांघरूण घालायचे आणि १०८ ला फोन करायला सांगायचे. काही दुखत नसेल तर कुशीवर वळवायचे, गुडघ्यावर आणायचे, समोर एक जड खुर्ची ठेवायची आणि तिच्या आधाराने त्यांचे त्यांना उठू द्यायचे. आपण बाजूला उभे राहायचे.

पलंगावर माणूस सारखा खाली घसरत राहतो आणि त्याला वर घ्यावे लागते. दिवसातून दहादा करावे लागणारे हे काम कंबर मोडणारे आहे. यासाठी एक जुनी, मजबूत चादर दुहेरी घडी करून पेशंटच्या खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली कायम घालून ठेवावी. दोन्ही बाजूंना दोघींनी उभे राहायचे, चादरीच्या कडा अंगाजवळ गुंडाळून घट्ट धरायच्या, एक-दोन-तीन म्हणून सरकवायचे. उचलायचे नाही, सरकवायचे. पाय फाकलेले आणि गुडघे वाकलेले हवेत. वळताना कमरेतून न वळता पावले टाकून वळावे. पलंग ठेंगणा असेल तर चारही पायांखाली लाकडी ठोकळे घालून तो आपल्या कमरेपर्यंत आणून घ्यायला सांगावे. सुताराचे तासाभराचे काम असते. पण पेशंट स्वतः उठून चालणारा असेल तर मात्र पलंग ठेंगणाच बरा, नाहीतर रात्री उतरताना पडेल.

पेशंटला आपल्या गळ्यात हात टाकू देऊ नये. तो ऐन वेळी लटकतो आणि आपली मान जाते. त्याच्या काखेत हात घालूनही ओढू नये. लकवा मारलेल्या बाजूचा खांदा आधीच ढिला असतो, तो निखळतो. खुर्चीत बसवताना खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला ठेवावी आणि चाके असतील तर ब्रेक लावलेले आहेत ना, ते हाताने चाचपून बघावे.

विनयपिटकातली एक गोष्ट आपल्या विहारांत सांगितली जाते. एक भिक्खू हगवणीने आजारी होता, आपल्याच घाणीत पडून होता आणि बाकीचे कुणी त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले. पुढचा भाग आम्ही पूर्वी नुसता ऐकून सोडून दिला होता. त्याला मंचकावर ठेवताना तथागतांनी डोक्याकडून धरले आणि आनंदांनी पायांकडून. एकट्याने उचलले नाही, हे आमच्यातल्या कंबर गेलेल्या बाईच्या बरोबर लक्षात आले. सेवा म्हणून करा, पैशाकडे बघू नका, असा उपदेश काही मालक करतात. त्यांना आम्ही एवढेच म्हणू की भिक्खूंना खोलीचे भाडे नव्हते.

रात्री एकटीच असते, दुसरी कुठून आणू, असे आम्हाला विचारले जाते. कुशीवर वळवणे एकटीला जमते. आपल्यापासून दूरचा गुडघा वाकवायचा, एक हात खांद्यावर आणि एक खुब्यावर ठेवून पेशंटला आपल्याकडे वळवायचे. वर सरकवणे आणि खुर्चीत बसवणे एकटीने करू नये. त्यासाठी मालकांच्या मुलाला उठवावे. एकदा उठवले की दुसऱ्या दिवसापासून वेळा ठरतात, हा आमचा अनुभव आहे.

कंबर धरलीच तर एक-दोन दिवस विश्रांती घेऊन हळूहळू हालचाल सुरू करावी. महिनाभर पडून राहिल्याने कंबर आणखी जखडते. पट्टा लावून जड उचलता येते हा गैरसमज आहे. पायातला जोर कमी झाला, लघवीच्या जागी बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जावे. उद्यावर टाकू नये.

कातडी आणि घास

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाड, टाचा, खुबे, कोपर, डोक्याची मागची बाजू आणि कान या जागा रोज उजेडात बघाव्यात. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून पाहावे. दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर बेडसोरची ती सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे जागा गरम लागते का, टणक लागते का हे हाताने बघावे. तिथे चोळायचे नाही. तेल लावून चोळण्याची आपल्याकडे सवय आहे, पण आतली कातडी त्याने आणखी फाटते. गोल ट्यूबसारखी उशीही खाली घालू नये. टाचा उचलून धरायला पोटऱ्यांखाली साधी उशी पुरते. हवेची गादी असली तरी कूस बदलणे चुकत नाही.

भरवताना पेशंट ताठ बसलेला हवा आणि जेवल्यावर अर्धा तास तसाच बसलेला राहायला हवा. लकव्याच्या पेशंटला पातळ पाण्यापेक्षा दाटसर पेज सोपी जाते. गिळताना ठसका लागतो, आवाज ओलसर घोगरा होतो, तेव्हा घास फुप्फुसाकडे चालला आहे असे समजावे. थांबावे आणि सांगावे. नाकात नळी असलेल्याला आडवे झोपवून दूध कधीही सोडू नये. लघवीची पिशवी कमरेच्या खाली लटकवावी, पण जमिनीवर टेकवू नये. बाईमाणसाला पुसताना पुढून मागे पुसावे.

इन्सुलिन टोचायला आपल्याला सांगितले जाते. ते नर्सचे काम आहे आणि नाही म्हणायचा आपल्याला हक्क आहे. आपल्याकडे ४० युनिटची आणि १०० युनिटची अशा दोन प्रकारच्या बाटल्या मिळतात. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात, लाल टोपीची ४० ची आणि केशरी टोपीची १०० ची. अदलाबदल झाली की डोस अडीच पट होतो किंवा निम्म्याहून कमी. साखर उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बरळतो. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये, लगेच १०८ ला फोन करायला सांगावे.

हात

एका सासूबाईंनी आमच्यासमोर सुनेला विचारले, "१९२७ साली बाबासाहेबांनी महाडला मेलेली ढोरं ओढणं सोडा म्हणून सांगितलं, आपल्या आज्यानं सोडलं. आणि तू लोकांची हागणं काढायला जातीस?" प्रश्न खोटा नव्हता. सून थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "आज्याला ते सोडता येत नव्हतं, आत्याबाई. मला येतं. मी पगार ठरवून जाते, आणि नाही पटलं तर दुसरीकडे जाते." आमचा कौल सुनेकडे आहे, पण एका अटीवर. जातीवरून वाटून दिलेली घाण आणि शिकून केलेली शुश्रूषा यांतला फरक पगारात, प्रशिक्षणात आणि हातमोज्यांत दिसला पाहिजे. जिथे आडनाव विचारून एकीला स्वयंपाकघर आणि दुसरीला संडास दिला जातो, तिथे तो फरक संपला.

हे नुसते मानाचे नाही, आरोग्याचेही आहे. एका केंद्रात साबण आणि गरम पाणी फक्त स्वयंपाकघरातल्या बेसिनला होते आणि डायपर बदलणाऱ्या बाईला स्वयंपाकघरात मज्जाव होता. मग तिने हात कुठे धुवायचे? एका पेशंटचे जंतू दुसऱ्याकडे आणि तिथून आपल्या पोरांकडे जातात ते असेच. न्हाणीघराबाहेर नळ आणि साबण हवाच. हातमोजे प्रत्येक पेशंटला नवे घालावेत आणि काढल्यावरही हात धुवावेत, कारण मोज्याला बारीक छिद्र असले तर दिसत नाही.

हेपटायटिस बी म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची लस तीन डोसांत घेतात. पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत, असा कचरा हाताळणाऱ्यांना ही लस आणि धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारी आरोग्यसेवा चालवणाऱ्यावर टाकलेली आहे. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण घालू नये, ती टोचता न येणाऱ्या जाड डब्यातच टाकावी. सुई टोचलीच तर जखम पिळू नये, बोट तोंडात घालू नये, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावे आणि लगेच मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. एचआयव्हीपासून बचावाचे औषध दोन तासांच्या आत सुरू झाले तर उत्तम. बहात्तर तास उलटल्यावर उपयोग होत नाही. ते २८ दिवस घ्यावे लागते. पेशंट कितीही चांगल्या घरचा असला तरी जावे.

खरजेचे मात्र कुणी मनावर घेत नाही. एका आजोबांना खाज होती, म्हातारपणाची कोरडी कातडी म्हणून तेल लावत राहिले. सहा आठवड्यांत आमच्यातल्या एकीच्या घरी पाचही जण खाजवत होते. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला, बेंबीभोवती बारीक पुळ्या आणि रात्री वाढणारी खाज ही खरजेची खूण. लागण झाल्यापासून खाज सुटेपर्यंत दोन ते सहा आठवडे जातात, म्हणून कुठून आली ते कळत नाही. डॉक्टर परमेथ्रिनचे मलम देतात. ते मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत सगळ्या अंगाला रात्रभर लावायचे आणि आठवड्याने पुन्हा. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचे, खाज असो वा नसो. तान्हे मूल किंवा गरोदर बाई असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुवाव्यात, जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तीन दिवस ठेवावे. केंद्रातही सगळ्यांना एकाच वेळी औषध दिले पाहिजे, नाहीतर खरूज घरून केंद्रावर आणि केंद्रावरून घरी फिरत राहते.

नाव

हे लिहिताना आमच्यातली तिसरी सारखी उठून जात होती. तिच्या पेशंट आजी स्मृतिभ्रंशाच्या होत्या. एके दिवशी मुलगी भेटायला आली आणि आजी म्हणाल्या, "हिने माझी अंगठी घेतली." मुलीने मालकांकडे पाहिले, मालकांनी हिच्या पिशवीकडे. डबा उघडून पाहिला, ब्लाउजपर्यंत झडती झाली. पोलिसांचे नाव काढले गेले. दोन दिवसांनी अंगठी आजींच्याच उशीच्या अभ्र्यात सापडली. "मिळाली बरं का," असा फोन आला. तेवढाच.

स्मृतिभ्रंशात वस्तू लपवणे, विसरणे आणि जवळच्या माणसावर चोरीचा आळ घेणे ही आजाराचीच लक्षणे आहेत. आजींचा राग करण्यात अर्थ नाही. त्यांच्याशी वाद घालू नये, "चला, आपण दोघी शोधू" म्हणावे. सांज झाली की त्या "मला घरी जायचंय" म्हणून दाराकडे धावतात, तेव्हाही हेच तुमचे घर म्हणून पटवत बसू नये. दिवे लवकर लावावेत, घराबद्दल विचारावे, हातात घडी घालायला टॉवेल द्यावा. पण ज्यांना आजार नाही त्यांनी वस्तीचा पत्ता ऐकून तो आळ खरा मानला, त्याला आजार हे कारण नाही.

म्हणून वही. शंभर पानी साधी वही, आपली स्वतःची. पेशंट दाखल होतो त्या दिवशी त्याच्या अंगावरचे दागिने, घड्याळ, चष्मा, फोन आणि पैसे यांची यादी नातेवाइकांसमोर लिहून त्यांची सही घ्यायला मालकांना सांगावे. सोने घरी परत पाठवता आले तर सगळ्यांत चांगले. त्याच दिवशी अंगावर आधीचे काळेनिळे डाग, जखमा किंवा बेडसोर असतील तर तेही लिहावेत, नाहीतर महिन्याने ते आपल्यामुळे झाले असे ठरते. रोज कूस किती वाजता बदलली, किती खाल्ले, लघवी कशी झाली, कोण पडले, कुणाला सांगितले, हे दोन-दोन ओळींत लिहावे. शिक्षण चौथीपर्यंतच झाले असेल तरी चालते. आमच्यातली एक नुसत्या वेळा आणि खुणा करते, डॉक्टर तिचीच वही मागतात. पेशंटची वही म्हणून त्यातले घराबाहेर बोलायचे मात्र नाही.

आजारी आजोबांचा हात नको तिथे लागतो, तेव्हा त्यांचा हात बाजूला करून स्पष्ट नाही म्हणावे, लिहून ठेवावे आणि त्या कामाला मामांना पाठवायला सांगावे. मालक किंवा घरातले कुणी तसे वागले तर ती वेगळी गोष्ट आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहापेक्षा कमी कामगार असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. लिहिता येत नसेल तर समितीने लिहून घेण्यास मदत करायची असते.

नव्याने जाणाऱ्यांनी जमले तर जनरल ड्युटी असिस्टंटचा अभ्यासक्रम आधी करावा. सरकारी कौशल्य योजनेतल्या केंद्रांत तो शिकवतात आणि दाखला हातात असला की ब्युरोवालाही जपून बोलतो. ई-श्रम नोंदणी मोफत होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नयेत. काम धरायच्या आधी जागा बघून यावी, शक्यतो संध्याकाळी. रात्री किती पेशंटमागे किती माणसे असतात, आपण झोपायचे कुठे, चोवीस तासांच्या ड्युटीत सलग झोप किती मिळते, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी, सुट्टीच्या दिवशी बदली कोण येते, पगार ब्युरोच्या हातून की आपल्या खात्यावर, मोजे कुठे ठेवतात, हात धुवायला नळ कुठला, हे उभ्या उभ्या विचारावे. आणि जाताना पलंगावरच्या एखाद्या आजींच्या टाचा बघून याव्यात.